जखमांचे वर्ग आणि बांबोळीचा रस्ता

असं समजू, की पेडणे तालुक्यात धारगळजवळ, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, रात्री साडेदहाच्या सुमारास एक दुचाकी घसरून दुभाजकावर आदळली. चालवणारा चोवीस वर्षांचा. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. मांडीचं हाड मोडलं, डाव्या बाजूच्या चार-पाच बरगड्या मोडल्या आणि त्या बरगड्यांच्या आडोशाला असलेली प्लीहा खोलवर फाटली. १०८ ची रुग्णवाहिका आली. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात प्राथमिक उपचार झाले आणि तिथून त्याला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात म्हणजे गोमेकॉत पाठवलं. दारात पोचला तेव्हा शुद्धीवर होता, पण वरचा रक्तदाब ८४ होता आणि श्वास मिनिटाला ३२. पेपरात दोन ओळी येतील: युवक गंभीर जखमी, गोमेकॉत उपचार सुरू.

किती गंभीर? या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलेलं नवल अजून ओसरलेलं नाही. या मुलाच्या जखमांचा आकडा आहे ३४. त्याच्यासारखे शंभर जण त्या दारातून आत आले, तर साधारण नव्वद जण जगून घरी जातील आणि दहा जाणार नाहीत, असं एक सूत्र सांगतं. मुलगा मी कल्पनेतला घेतला आहे, सूत्र मात्र खरं आहे. हाड, प्लीहा, रक्त, श्वास, वय या एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी एकाच बेरजेत कशा काय बसल्या?

सुरुवात झाली मोटारींपासून. अमेरिकेत रस्त्यांवर इतकी माणसं मरत होती, की कोणती गाडी, कोणता पट्टा, कोणता खांब किती इजा करतो हे मोजण्याची गरज भासू लागली. मोजायचं तर आधी इजेची पट्टी हवी. १९७१ साली डॉक्टर आणि वाहन-सुरक्षेचे अभ्यासक यांनी मिळून अशी एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपात शरीराच्या प्रत्येक जखमेला १ ते ६ अशी श्रेणी. १ म्हणजे खरचटणं, ६ म्हणजे ज्यातून कुणी वाचत नाही अशी जखम. आपल्या मुलाची मांडी ३, बरगड्या ३, प्लीहा ४.

ही पट्टी एका जखमेपुरती ठीक होती. पण रस्त्यावरचा अपघात एकच जखम करून थांबत नाही. ३ आणि ४ एकत्र आले तर काय? बेरीज करायची का? बाल्टिमोरच्या सूझन बेकर या साथरोगशास्त्रज्ञ. रोगांच्या साथीचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो त्याच पद्धतीने अपघातांचा करायचा, हा त्यांचा ध्यास. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१२८ अपघातग्रस्तांच्या नोंदी समोर मांडल्या आणि बेरीज करून पाहिली. जमेना. ज्यांना ५ आणि २ श्रेणीच्या दोन जखमा होत्या आणि ज्यांना ४ आणि ३ श्रेणीच्या, त्या दोघांची बेरीज सातच. पण मरणाचं प्रमाण दोघांत सारखं नव्हतं. श्रेणी एकेका पायरीने वर जाते, मरण मात्र उड्या मारत वर जातं. मग त्यांनी श्रेणींचे वर्ग केले, म्हणजे प्रत्येक आकडा त्याच आकड्याने गुणला, आणि शरीराच्या सहा भागांपैकी सर्वांत जास्त मार लागलेल्या तीन भागांचे वर्ग मिळवले. १९७४ साली हा निबंध आला. वर्गांची बेरीज आणि मृत्यूचं प्रमाण यांचा मेळ असा बसला, की आज पन्नास वर्षांनंतरही जगभर गंभीर जखमी कोण हे याच आकड्यावर ठरवतात.

आपल्या मुलाचं गणित: प्लीहेचे ४ गुणिले ४, सोळा. बरगड्यांचे नऊ. मांडीचे नऊ. एकूण ३४. पट्टीचं शेवटचं टोक ७५, म्हणजे तीन भागांत प्रत्येकी पाचचा वर्ग. कुठेही ६ असेल तर थेट ७५.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. ४ आणि ३ चे वर्ग मिळवले की २५ होतात, आणि ५ चा वर्गही २५. शाळेत काटकोन त्रिकोण शिकताना पाठ केलेली ही ओळ इथे इस्पितळाच्या कागदावर येते. एका ठिकाणी जबर जखम, किंवा दोन ठिकाणी जराशी कमी: सूत्राला दोन्ही सारखेच. याहून मौज अशी, की गंभीर जखमी म्हणजे १५ च्या वर, असा संकेत आहे, पण १५ हा आकडा कुणालाच कधी मिळू शकत नाही! कोणतेही तीन वर्ग घ्या, बेरीज १५ होत नाही. ७ होत नाही, २३ होत नाही, ३१ होत नाही. आठाने भागल्यावर सात उरणारी कोणतीच संख्या तीन वर्गांची बेरीज असू शकत नाही, हे लजांद्र नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलं होतं. शुद्ध अंकांच्या नादात शोधलेला नियम पावणेदोनशे वर्षांनी मोडलेल्या बरगड्यांच्या हिशेबात जसाच्या तसा उतरला. हे वाचून ज्याला गुदगुल्या होत नाहीत त्याला गणित शिकवणाऱ्यांनी कुठेतरी हात आखडता घेतला, असं माझं मत आहे.

पण जखमांची यादी म्हणजे अर्धीच गोष्ट. कोणती इंद्रियं फाटली हे कळलं, शरीर ते कसं झेलतंय हे कळलं नाही. त्याच १९७४ साली ग्लासगोत ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी दुसरी मोजपट्टी दिली. तिला यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. ती आजही गोव्यातल्या कोणत्याही कॅज्युअल्टीत दिवसातून कितीतरी वेळा वापरली जाते.

डॉक्टर रुग्णाच्या उशाशी वाकतात आणि मोठ्याने म्हणतात, "डोळे उघडा." आपणहून उघडे असतील तर चार गुण, हाकेला उघडले तर तीन, चिमटा घेतल्यावर उघडले तर दोन, अजिबात नाही तर एक. मग, "नाव काय तुमचं? कुठे आहात आता?" नीट उत्तर दिलं तर पाच, गोंधळलेलं चार, तुटक शब्द तीन, नुसता आवाज दोन, काहीच नाही तर एक. शेवटी, "माझी ही दोन बोटं दाबा बघू." दाबली तर सहा. न दाबता, दुखलेल्या जागी हात नेला तर पाच. हात नुसता मागे घेतला तर चार. त्याखाली हातपाय आपोआप आखडतात किंवा ताठ होतात, आणि एक म्हणजे काहीच नाही. सगळे मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. या तिन्हींत शेवटची परीक्षा सर्वांत बोलकी. नुसतं "सांगितल्यावर बोटं दाबतो की नाही" एवढ्यावरून जगण्या-मरण्याचा जो अंदाज येतो, तो पूर्ण पट्टीच्या अंदाजाच्या बराच जवळ जातो. माणूस ऐकतो, त्याचा अर्थ लावतो, ठरवतो आणि स्नायूला हुकूम देतो. मेंदूच्या साऱ्या मजल्यांवर दिवे लागले आहेत की नाहीत, हे दोन बोटांच्या दाबावरून कळतं.

पेडण्यात या पट्टीला एक अडचण हमखास येते. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर भाड्याच्या दुचाकीवरून फिरणारा पर्यटक रशियन असतो, इस्रायली असतो, मणिपूरचा असतो. "बोटं दाबा" हे त्याला कोणत्या भाषेत सांगणार? तो गप्प राहिला तर मेंदूला मार आहे, का भाषा कळत नाही, का दारू चढली आहे? अनुभवी माणूस स्वतःची बोटं त्याच्या तळहातात ठेवून आधी करून दाखवतो. रात्रीपाळीच्या नर्सला ही युक्ती कुठल्याही पुस्तकाआधी येते.

शुद्धीचे गुण, वरचा रक्तदाब आणि श्वासाची गती या तिन्हींना ० ते ४ गुण देऊन आणि प्रत्येकाला वेगळं वजन लावून हॉवर्ड चॅम्पियन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली एक सुधारित गुणांक मांडला. त्यात शुद्धीचं वजन ०.९३६८, रक्तदाबाचं ०.७३२६ आणि श्वासाचं ०.२९०८. आपला मुलगा शुद्धीत होता म्हणून तिथे पूर्ण ४. रक्तदाब ९० च्या खाली गेलेला म्हणून ३. श्वास ३० च्या वर म्हणून ३. वजनं लावून येतात ६.८२. पूर्ण निरोगी माणसाचे होतात ७.८४.

आता एका बाजूला जखमा, दुसऱ्या बाजूला शरीराचा प्रतिसाद. या दोन्हींत वय मिसळून एकच संभाव्यता काढण्याची पद्धत १९८७ साली बॉईड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली होती. तिच्या पुढे सुधारलेल्या आकड्यांनी आपला हिशेब मांडतो. ६.८२ ला ०.८०८५ ने गुणायचं: ५.५१. त्यातून ३४ गुणिले ०.०८३५, म्हणजे २.८४ वजा. आणखी ०.४५ वजा. उरले २.२२. हा आकडा एका नागमोडी वक्रावर ठेवायचा. हा वक्र खाली शून्याजवळ सपाट, वर शंभराजवळ सपाट, आणि मधे उभा चढ. २.२२ ला त्याची उंची भरते ९० टक्के.

आता दोन बदल करून पाहू. हेल्मेट नव्हतं असं धरा. डोक्यालाही चौथ्या श्रेणीचा मार बसला आणि शुद्धीचे गुण ७ वर आले. जखमांचा आकडा होतो ४१ आणि जगण्याची शक्यता ९० वरून ५३ टक्क्यांवर येते. बाकी सगळं तेच: तोच रस्ता, तोच वेग, तेच इस्पितळ. हेल्मेटसक्तीवर कितीतरी लिहिलं जातं, पण या दोन आकड्यांइतकं बोलकं मी काही वाचलेलं नाही. त्या गणितातलं एक छिद्रही इथेच दिसतं. सूत्र फक्त तीनच भाग मोजतं. डोकं, पोट आणि छाती आली की मोडलेली मांडी हिशेबातून चक्क गायब होते. मांडीच्या हाडाभोवती एक-दीड लिटर रक्त साचू शकतं. साठ किलोच्या माणसात रक्त असतंच चार लिटरच्या थोडं वर. एवढी मोठी गोष्ट सूत्राला दिसत नाही.

दुसरा बदल वयाचा. हेल्मेट परत डोक्यावर ठेवा, पण चालवणारा पंचावन्न वर्षांचा करा. तेच सगळं, आणि शक्यता ९० वरून ६२ वर. वय वाढलं की शरीराची गंगाजळी आटते, हे खरं. पण सूत्राने वयाची एकच पायरी ठेवली आहे: पंचावन्नच्या आत किंवा पुढे. चोपन्न वर्षांचा माणूस आदल्या रात्री नव्वदात असतो आणि वाढदिवसाच्या सकाळी बासष्टात. शरीर असं वागत नाही, हे सूत्र करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्या काळी कागदावर हिशेब सोपा राहावा म्हणून केलेली ही तडजोड. नंतरच्या सूत्रांनी वयाच्या अनेक पायऱ्या केल्या.

अनेक जखमा एकत्र आल्या की त्यांची बेरीज का होत नाही, गुणाकार का होतो, याचं उत्तर रक्तात आहे. रक्त गेलं की पेशींना प्राणवायू कमी पडतो. प्राणवायूविना काम चालवणाऱ्या पेशी लॅक्टिक आम्ल सोडतात आणि रक्त आंबट होत जातं. रक्तासोबत उष्णताही जाते. रस्त्यावर पडलेल्या, कपडे कापलेल्या, थंडगार सलाइन घेतलेल्या माणसाचं अंग मे महिन्यात गोव्यातसुद्धा गार पडतं. आणि रक्त गोठवणारी सारी यंत्रणा उष्णतेवर चालते. कडाक्याच्या थंडीत दूध विरजत नाही, तसं गार आणि आंबट झालेलं रक्त गोठत नाही. न गोठलेलं रक्त आणखी वाहतं, वाहिल्याने अंग आणखी गार होतं. थंडी, आम्ल आणि न गोठणं ही तिघं एकमेकांना ओढत नेतात. लंडनमध्ये करीम ब्रोही यांनी २००३ साली दाखवलं, की गंभीर जखमींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रक्ताची गोठण्याची क्रिया इस्पितळाच्या दारातच बिघडलेली असते, आणि ते किती सलाइन चढवली यावर अवलंबून नसतं. मेंदूचं तर याहून नाजूक. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मरण्याचं प्रमाण दुपटीच्या पुढे जातं. म्हणजे पोटातला रक्तस्राव डोक्यातली जखम वाढवतो, पोट आणि डोकं यांमध्ये हातभर अंतर असूनही.

म्हणून आजचे सर्जन पहिल्या शस्त्रक्रियेत सगळं दुरुस्त करत बसत नाहीत. रक्तस्राव थांबवायचा, पोट तात्पुरतं झाकायचं, रुग्णाला आयसीयूत नेऊन ऊब द्यायची, रक्त द्यायचं, आणि एक-दोन दिवसांनी परत ओटीत घ्यायचं. पोट अर्धवट सोडून बाहेर येणं हे सर्जनच्या स्वभावाविरुद्ध आहे. ते शिकायला वैद्यकाला फार वर्षं लागली.

तरुणांच्या बाबतीत एक फसगत ठरलेली. तरुण शरीर रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईपर्यंत रक्तदाब धरून ठेवतं. नळ्या आवळून घेतं, नाडी वाढवतं. ११० चा रक्तदाब पाहून सगळे निर्धास्त होतात, आणि मग अचानक तो कोसळतो. यावर आल्गोव्हर आणि बुरी यांनी १९६७ साली साधा उपाय दिला: नाडीला वरच्या रक्तदाबाने भागा. निरोगी माणसात ७० भागिले १२०, म्हणजे ०.६ च्या आसपास. १२० ची नाडी आणि ११० चा रक्तदाब असेल तर भागाकार १ च्या वर जातो. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर फारसे भयानक नाहीत. भागाकार मात्र सांगतो की आत कुठेतरी रक्त वाहतंय. हा भागाकार १०८ मधला कर्मचारी कोलवाळच्या पुलावरून जाताना तोंडी करू शकतो.

आकडेमोड करायला वेळच नसतो तेव्हा? ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. व्रतस्थ धोंड आणि इतर भाविक यांच्या गर्दीत माणसं उतारावर एकमेकांवर पडली. काहींचा जीव गेला, कित्येक जखमी झाले आणि डिचोली, म्हापसा व बांबोळी या तिन्ही ठिकाणच्या इस्पितळांवर एकाच वेळी भार आला. गर्दीत चेंगरलेल्या माणसाचं हाड मोडलेलं नसतानाही तो जातो, कारण छातीवर दाब असला की श्वास घेण्यासाठी बरगड्या उचलल्या जात नाहीत. अशा वेळी अंदाज बांधण्याची पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या एका इस्पितळाने आणि अग्निशामक दलाने मिळून आखली. जो चालू शकतो तो हिरवा, तो थांबू शकतो. चालत नसेल तर श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का? मनगटाची नाडी लागते का? सांगितलेलं ऐकतो का? यांपैकी एकही उत्तर वाईट आलं तर लाल, आधी उचला. सगळी बरी असतील तर पिवळा. एका माणसामागे एक मिनिटसुद्धा लागत नाही. नीट पाहिलं तर हे वरच्या सूत्रातलेच तीन घटक आहेत: श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध. दशांश चिन्हं गळून पडली, गाभा तोच राहिला.

कॅज्युअल्टीच्या बाहेर उभा असलेला बाप विचारतो, "डॉक्टर, वाचेल ना हो?" ३४ आणि ९० हे आकडे माहीत असूनही डॉक्टर ते सांगत नाहीत, आणि ते बरोबर करतात. ९० टक्के ही शंभर जणांबद्दलची गोष्ट आहे. आतला एकटा मुलगा नव्वद टक्के जगणार नाही. तो जगेल किंवा जाईल. कोणत्याही एका रुग्णावर उपचार करायचे की सोडून द्यायचे हे या सूत्रावरून ठरवायचं नसतं, आणि सूत्र करणाऱ्यांनी ते त्यासाठी केलंही नव्हतं.

मग कशासाठी? माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचं खरं मोल मागे वळून पाहण्यात आहे. वर्षअखेरीला इस्पितळाने नोंदी काढाव्यात आणि ज्यांची जगण्याची शक्यता ९० टक्के होती तरी जे गेले, त्यांचे केसपेपर टेबलावर ठेवावेत. गणिताने शंभरात दहा जणांचं मरण धरलंच होतं, पण प्रत्यक्षात पंधरा गेले असतील तर वरचे पाच कुठे हरवले? रक्तपेढीत वेळ गेला का, सीटी स्कॅनच्या रांगेत गेला का, का वाटेतच? उलट, ज्यांना सूत्राने वीस टक्के दिले होते तरी जे चालत घरी गेले, त्यांच्या बाबतीत काय बरोबर झालं? अंदाज चुकला तिथेच शिकायला मिळतं. जगभरच्या ट्रॉमा सेंटरांनी गेल्या चाळीस वर्षांत जी प्रगती केली त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

हेच सूत्र अमेरिकेहून उचलून इथे आणलं की ते अडखळतं. मुंबईचं केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम या चार इस्पितळांत २०१३ ते २०१५ या काळात सुमारे सोळा हजार जखमींच्या नोंदी बारकाईने ठेवल्या गेल्या. मुंबईचे सर्जन डॉ. नोभोजित रॉय आणि स्वीडनचे मार्टिन गेर्डिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर काम केलं. परदेशी सूत्रं कोण जास्त धोक्यात आणि कोण कमी, हा क्रम बऱ्यापैकी लावतात, पण किती जण जातील याचा आकडा इथल्या वास्तवाशी जुळवून घ्यावा लागतो. आणि जिथे सीटी स्कॅन, शवविच्छेदन आणि श्रेणी देणारा प्रशिक्षित माणूस मिळेलच असं नाही, तिथे शुद्ध, रक्तदाब आणि नाडी एवढ्याच साध्या नोंदींवर बेतलेलं सूत्रही पुष्कळ उपयोगी पडतं. युगांडातल्या कंपालात डॉ. ऑलिव्ह कोबुसिंग्ये यांनी असाच बिनखर्चाचा गुणांक केला होता. त्यात जखमांच्या श्रेणीऐवजी गंभीर जखमा एकही नाही, एक, की जास्त, एवढंच विचारतात.

पण या सगळ्या सूत्रांत एक गोष्ट नाही, आणि पेडणे-डिचोलीच्या माणसाला ती सर्वांत आधी सुचेल. रस्ता. सूत्र इस्पितळाच्या दारात सुरू होतं. पेडणे शहरापासून बांबोळी तीस-पस्तीस किलोमीटर, पत्रादेवीच्या सीमेवरून त्याहून जास्त. पलीकडे बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून येणारे सिंधुदुर्गातले जखमीही याच वाटेने येतात. डिचोली-साखळीहूनही बांबोळीचा पल्ला साधारण तेवढाच, वर एकेकाळी खनिजाच्या ट्रकांच्या रांगा. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ते ट्रक थांबले. आता डिचोलीत खनिजाचं काम पुन्हा सुरू झालं आहे. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि पेडण्याच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री वाहनं धावू लागली. तुये इथलं शंभर खाटांचं इस्पितळ पूर्ण ताकदीनं चालावं म्हणून पेडणेकर इतके हटून का बसतात, ते या अंतराकडे पाहिलं की कळतं.

रस्ता हिशेबात नसल्यामुळे दोन घोटाळे होतात. जो कोलवाळच्या आधीच गेला तो इस्पितळाच्या नोंदीत येतच नाही, त्यामुळे दूरवरून येणाऱ्यांत दारापर्यंत पोचलेले जरा चिवट असतात आणि इस्पितळाचे आकडे उगाच चांगले दिसतात. दुसरं, म्हापशाला सलाइन आणि रक्त देऊन पुढे पाठवलेल्या मुलाचा रक्तदाब बांबोळीत १०० भरतो. सूत्र त्याला पूर्ण गुण देतं. वाटेत तो ७० वर गेला होता, हे त्याला माहीत नसतं. घशात नळी घातली असेल तर बोलण्याचे गुण द्यायचे तरी कसे? म्हापशाच्या रेफर चिठ्ठीवर पहिला रक्तदाब आणि तो घेतल्याची वेळ लिहिलेली असेल तरच हा घोटाळा सुटतो.

वेळेचं मोल किती, हे २०१०-११ मध्ये फार स्वच्छ दिसलं. चाळीस देशांतल्या २७४ इस्पितळांत २०,२११ जखमींवर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा प्रयोग झाला. त्यात भारतातले हजारो रुग्ण होते. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या सुमारास शोधलेलं हे स्वस्त औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. ते दिलेल्यांत एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पण खरी गोष्ट घड्याळात दडली होती. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. एक ते तीन तासांत फायदा कमी झाला. तीन तासांनंतर दिलं तर धोका उलट वाढला. तेच औषध, तोच डोस, तीच जखम, आणि केवळ वेळेमुळे उपकाराचा अपकार. धारगळला दुचाकी कधी घसरली, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं नसेल तर बांबोळीचा डॉक्टर ती सुई टोचावी की नाही हे कशावरून ठरवणार?

आणि इथेच गोव्याकडे अशी एक गोष्ट आहे जी मुंबई-दिल्लीकडे नाही. मुंबईत जखमी कुठल्या इस्पितळात जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे एकूण किती जखमी झाले त्यांपैकी किती वाचले, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत माणसं साडेचौदा लाख. २००८ पासून १०८ ची एकच सेवा. आणि सरकारी इस्पितळांतून पुढे पाठवलेला जबर जखमी मुख्यतः एकाच दाराने आत येतो, १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या एस्कोला मेडिको-सिरुर्जिकाचा वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या गोमेकॉत. एका अख्ख्या लोकसमूहाचे गंभीर जखमी एका वहीत मावू शकतील अशी जागा देशात फार थोडी असेल. १०८ ला फोन कधी आला, गाडी कधी पोचली, पहिला रक्तदाब किती आणि कुठे मोजला, बांबोळीचं दार कधी गाठलं, हे चार रकाने भरलेल्या वहीत रस्त्यावर गेलेल्यांची पोलीस आणि शवविच्छेदनाची नोंद जोडली, की रस्ता पहिल्यांदाच सूत्रात येईल. मग पेडण्याच्या मुलाची शक्यता आणि पणजीच्या मुलाची शक्यता शेजारी ठेवता येईल, जखमा तंतोतंत सारख्या असताना. त्या दोन आकड्यांत जो फरक निघेल तेवढाच वाटा अंतराचा, आणि तुयेला काय हवं, डिचोलीच्या केंद्रात रक्त ठेवावं का, १०८ ची पुढची गाडी साखळीत उभी करावी की मोपाच्या वळणावर, हे त्या फरकावरून ठरवता येईल.